पायी येणारी बातमी

मुडबीच्या शाळेत मी रुजू झाले तेव्हा गावात वर्तमानपत्र येत नव्हतं, गुंडप्पा येत होता. आमचा मुलूख नुकताच हैदराबादेतून काढून मैसूर राज्याला जोडला होता. मी उदगीरकडची, मराठीची बाई. आज ना उद्या कन्नड शिकवा म्हणतील आणि आपली नोकरी जाईल, या धास्तीनं मला जेवण गोड लागत नव्हतं. माझ्या खोलीच्या पायरीखाली उभं राहून मला पहिला धीर दिला तो गुंडप्पानं.

"भिऊ नका बाई," तो म्हणाला. "मराठी पुस्तकांचे गठ्ठे तालुक्याला, कल्याणात उतरताना ह्या डोळ्यानं बगून आलोय."

मी त्या रात्री गाढ झोपले. गठ्ठे शेतकऱ्यांच्या तगाई कर्जाच्या अर्जांचे होते हे मला महिन्याभरानं कळलं. तोवर माझी भीती मोडून गेली होती, त्यामुळं भांडायलाही तोंड राहिलं नाही.

तो गावकुसाबाहेरच्या खालच्या वाड्यातला. घुंगराची काठी घेऊन गावचा सांगावा गावोगाव न्यायचा, हे त्याच्या घराण्याकडं पिढ्यान्‌पिढ्या आलेलं काम. लग्न, बाळंतपण, मयत, जे असेल ते. बदल्यात सुगीला धान्य. सगळं गाव त्याला अरे-तुरे करायचं, माझ्याहून पंचवीस वर्षांनी मोठा माणूस, तरी मीही करायचे. म्हणून इथं आधी तसंच लिहिते. त्याला प्यायला पाणी दिलं ते वरून, ओंजळीत, हातभर अंतर ठेवून. शिकलेली होते, शाळेत समतेचा धडा शिकवत होते, आणि तरी वरून ओतलं. त्यानं काही मनात धरलं असेल तर कधी दाखवलं नाही. मला मात्र अजून आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

कल्याणचा बाजार करून आला की चावडीसमोर त्याच्याभोवती माणसं जमायची. ज्वारी रुपयाला अडीच शेर झाली, गूळ उतरलाय, रॉकेल मिळंना, सोन्याचं नाव काढू नका. नुसते भाव सांगून तो थांबायचा नाही, भावातून वाट काढून द्यायचा. नवे पैसे आले तेव्हा गावाची अक्कल गुंग झाली होती. आण्याला सहा पैसे, पण चार आण्याला चोवीस नाही, पंचवीस! मास्तरांना समजावता येईना, ते गुंडप्पानं एका वाक्यात समजावलं.

"चार आण्याची साखर एकदम घेऊ नका. आण्या-आण्यानं चारदा घ्या. एक पैसा आपला उरतोय."

दुसऱ्या दिवसापासून वाण्याच्या दुकानात तीच माणसं चार-चार फेऱ्या घालायला लागली. वाणी गुंडप्पाच्या नावानं बोटं मोडत बसला.

पुढं पंचायतीनं चावडीत रेडिओ बसवला. लोकांना वाटलं, आता गुंडप्पाची सद्दी संपली. तोही लांब लिंबाखाली बसून बातम्या ऐकायचा आणि मान हलवायचा. मी विचारलं, कसा वाटतो रे रेडिओ? म्हणाला, "चांगला हाय. पन त्याला समोरच्याचं तोंड दिसत न्हाई. लहान लेकरू ऐकायलंय का म्हातारी ऐकायलीय, ह्याचं आपलं एकाच चालीत चालू."

समोरच्याचं तोंड बघून सांगायचं, हीच त्याची विद्या. ती पहिल्यांदा मी पाहिली माझ्या घरमालकीणबाई काशीअक्कांच्या दारात. अक्कांचं माहेर मंठाळ, वडील अप्पा तिथंच. एका सकाळी गुंडप्पा तिकडून आला, पायरीखाली टेकला, पाणी प्याला. मंठाळात ज्वारी कशी आलीय ते सांगितलं, कुणाची म्हैस व्याली ते सांगितलं. मग काठी उगाच या हातातून त्या हातात घेत म्हणाला, "अप्पांची तब्येत जरा नरम हाय. तुमाला बगावं म्हनायलेत."

अक्कांनी हातातली भाकरी तव्यावर टाकली, शेकून काढली, लेकरांना वाढलं, घराला कुलूप घातलं आणि गाडीत बसल्या. मंठाळच्या शिवेवर एक जुनी विहीर आहे. तिथं गुंडप्पानं गाडी थांबवायला लावली, आणि तिथं सांगितलं की अप्पा पहाटेच गेले.

मला त्याचा राग आला होता. परत आल्यावर मी त्याला फैलावर घेतलं, की असं खोटं कामून बोलतोस? तो शांतपणे म्हणाला, "बाई, पायात जोर हाय तवर मानसाला वाटंला लावावं. घरात सांगितलं की मानूस बसतंय. बसलेलं मानूस पाच कोस न्यायाचं कसं? शिवेवर सांगितलं की हाकंच्या अंतरावर त्याचं गोत असतंय, धरायला."

त्याचा हा रिवाज सगळ्यांना ठाऊक होता. गुंडप्पा आला आणि 'नरम हाय' किंवा 'जड हाय' म्हणाला की माणूस गेलं, हे शेंबडं पोरही जाणून होतं. तरी ज्याच्या दारात तो यायचा त्याला तेवढ्या वाटेपुरतं वाटायचं, की आपलं माणूस एखादवेळेस खरंच नुसतं आजारी असेल.

त्याची बायको शेवंता माझ्याकडं गोवऱ्या घेऊन यायची. ठेंगणी, तोंडाळ, हसरी. तिला शिनेमाचं भारी वेड, आणि तिनं शिनेमा एकही पाहिलेला नव्हता. कल्याणला जत्रेत तंबूची टॉकीज यायची, चार आणे तिकीट, जमिनीवर बसायचं. गुंडप्पा आत कधी जायचा नाही. बाहेरचं पोस्टर नीट बघायचा, कनातीबाहेर उभा राहून गाणी ऐकायचा, आणि घरी येऊन शेवंताला आख्खा शिनेमा सांगायचा. ती तो दुसऱ्या दिवशी मला सांगायची. एकदा मी हट्टानं तिला माझ्याबरोबर तंबूत नेलं. बाहेर आली ती डोळे लाल करूनच.

"मेली की वो ती बाई," ती म्हणाली. "आमच्या मालकानं सांगितलं तवा न्हाई मेली. त्येंचाच शिनेमा बरा हाय."

मी गुंडप्पाला हे सांगितलं तर तो ओशाळून हसला. "रातच्याला रडती ती," एवढंच म्हणाला.

मग वाड्यानं दीक्षा घेतली. एका रविवारी बीदरहून माणसं आली, पांढरे कपडे घालून सगळी रांगेत बसली, आणि तरुण पोरांनी उभं राहून सांगितलं की आजपासून मेलेलं ढोर ओढायचं नाही, हलगी वाजवायची नाही, गावचा सांगावा न्यायचा नाही. वाड्याचं नाव बौद्धवाडा झालं. गुंडप्पानं घुंगराची काठी त्याच दिवशी चुलीत घातली. पंधरवड्यात गावात एक म्हातारी वारली तेव्हा आमचे घरमालक त्याला बोलवायला गेले. तो उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "न्हाई येत, मालक. सांगावा तुमचा हाय, पाय बी तुमचेच लावा."

गाव भडकलं. सुगीचं धान्य बंद झालं. तो रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागला. पन्नाशीच्या माणसाच्या हाताला फोड आलेले बघून मी म्हटलं, "अण्णा, फार त्रास होतो का हो?" माझ्या तोंडून अण्णा निघालं, अहो निघालं. त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. "हाताला व्हतोय," म्हणाले. त्या दिवशी मी त्यांना माझ्या पेल्यातून पाणी दिलं. काशीअक्का चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

आता गावचे सांगावे गावचीच पोरं सायकलवरून न्यायची. एकानं सायकलवरून उतरायच्या आधीच एका बाईला "तुमचा भाऊ मेला" म्हणून ओरडून सांगितलं, आणि ती बाई विहिरीच्या काठावर होती ती तिथंच कोसळली. पाण्यात पडली नाही हे नशीब. अण्णांना हे कळलं तेव्हा ते दिवसभर अस्वस्थ होते. "काम सोडलं ते बरंच केलं, बाई," म्हणाले, "पन सांगायचं कसं हे तरी पोरांनी इचारायचं व्हतं."

दीक्षेनंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात शेवंता आजारी पडली. पोटात गाठ होती. बीदरच्या दवाखान्यात नेलं तर त्यांनी घरी न्या म्हणून सांगितलं. त्यांना एकच लेक, कमळा, मंठाळात दिलेली. शेवंताला तिला बघायचं होतं, आणि नुसतं बघायचं नव्हतं.

"तेल लावायचंय तिच्या डोक्याला," ती मला म्हणाली. "लगनापासून तिच्या केसाला माझा हात न्हाई लागला. बसता येतंय तवर ती यायला पायजे."

शनिवारी सकाळी अण्णा निघाले. मी म्हटलं, सायकलवर एखादं पोरगं पाठवा, तुम्ही इथं थांबा. ते ऐकेनात. "पोरगं वंगाळ सांगील. मी गेलो म्हंजी ती उगं घाबरायची न्हाई, लगी निघंल. सांजच्याला तिला घेऊन येतो. तवर तुमी जरा बसा हिच्यापाशी."

संध्याकाळी शेवंतानं माझ्याकडून स्वतःला उठवून बसवून घेतलं. भिंतीला पाठ लावून ती तासभर बसली. वाटीत करडईचं तेल कोमट करून ठेवलं होतं. प्रत्येक गाडीच्या आवाजाला ती दाराकडं बघायची. कमळा लहानपणी केस विंचरून घेताना कशी पळून जायची ते सांगताना हसली. मग दमली. कमळा आली नाही, अण्णाही आले नाहीत. रात्री शेजारच्या बायका तिच्यापाशी झोपल्या.

मंठाळात काय झालं ते कमळानंच मला नंतर सांगितलं. बाप दुपारी दारात उभा राहिला, पायावर धूळ. म्हणाला, "कमळे, आई जड हाय. नीघ लवकर."

आणि कमळानं छाती बडवून घेतली. "अप्पा, कवा गेली?"

"गेली न्हाई ग. हाय ती. खरंच जड हाय."

"मला बी तसंच सांगायलाव व्हय, अप्पा? परक्याला सांगितल्यावानी?"

त्यांनी स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. पोरीच्या डोक्यावर ठेवून घेतली. सासू म्हणाली, "इवाईबुवा, आमाला काय तुमची रीत ठाव न्हाई का?" भावकी जमली. बायकांनी कमळाला धरून बसवलं. आमच्याकडं नवऱ्याच्या आधी जाणाऱ्या बाईच्या अंगावर लेकीकडचं हिरवं लुगडं पडावं लागतं. दीक्षा झाली तरी ही रीत सुटली नव्हती. जावई लुगडं आणायला कल्याणला गेला. मयतालाच जायचं तर चार माणसं सोबत पाहिजेत, म्हणून पाहुणे गोळा करायला कुणी गेलं. अण्णा एकेकाच्या पुढं हात जोडत फिरत होते, "तिला एकलीला माज्यासंगं लावून द्या हो, मागून या तुमी." लोक त्यांची समजूत काढत होते. म्हातारा बिचारा, सवयच पडलीय, म्हणत होते. जिवंत माणसासाठी कमळा अनवाणी पळत आली असती. मेलेल्यासाठी घाई कशाची? जावई अंधार पडल्यावर लुगडं घेऊन आला, आणि सगळ्यांनी सकाळी निघायचं ठरवलं.

मुडबीची शीव आली तशी कमळानं गाडी थांबवली. "आता तरी खरं सांगा, अप्पा," ती म्हणाली. "हितं सांगता की सगळ्यांला."

"हाय ती, कमळे," ते म्हणाले.

ती पुन्हा रडायला लागली.

रविवारी मी सकाळपासून शेवंतापाशी होते. आता तिला बसता येत नव्हतं. हात उचलत नव्हता, बोलणं ओठांपुरतं उरलं होतं. दुपार टळायला आली तेव्हा वेशीकडून गळा काढून रडण्याचा आवाज आला. मयताला येणाऱ्या बायका अशाच रडत गावात शिरतात. आवाज चावडीपर्यंत आला, वाड्याकडं वळला. शेवंतानं डोळे उघडले.

"कोन गेलं, बाई?" तिनं मला विचारलं.

मी म्हटलं, "असेल कुणीतरी, पलीकडच्या गल्लीतलं."

तिनं कान दिला. आईच ती. लेकीचा आवाज तिला कळला नसेल?

कमळा दारात आली आणि जागच्या जागी थांबली. आई तिच्याकडं बघत होती. कमळाच्या छातीशी घडी घातलेलं हिरवं लुगडं, वर हळदीकुंकवाची पुडी. मागच्या बायकांचं रडणं एकदम बंद झालं. सासूनं पदर तोंडात कोंबला. कमळा ते लुगडं मागं लपवायला गेली, पण नऊवारी लुगडं लपतंय थोडंच.

"कितीचं आनलीस?" शेवंतानं विचारलं.

"बारा रुपयाचं," कमळाच्या तोंडून निघून गेलं.

"म्हाग दिलं तुला." थोडा दम खाऊन ती म्हणाली, "घाल की अंगावर. आत्ताच घाल. मला दिसू दे तरी."

आम्ही दोघींनी ते तिच्या अंगावर पसरलं. तिची बोटं काठ चाचपत राहिली. मग तिनं वाटीकडं पाहिलं. मी वाटी कमळाच्या हातात दिली. कमळानं आईचा हात धरला, बोटं तेलात बुडवली आणि आपल्या डोक्यावर ठेवली. हाताला वजनच नव्हतं. कमळा तो हात धरून आपल्या केसांतून फिरवत होती आणि म्हणत होती, "लाव आई, लाव." काही वेळानं मी बाहेर आले. तिथं उभं राहणं माझ्यानं होईना.

दिवस मावळताना शेवंता गेली.

बायकांनी कमळाला बाहेर आणून बसवलं. अण्णा ओसरीच्या खांबाला टेकून बसले होते. कमळा त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली. ती ओरडली नाही, म्हणून ते जास्त लागलं.

"काल तिला बसता येत व्हतं, अप्पा. बोलता येत व्हतं. एक आख्खी रात गेली माझी. तुमी जलमभर लोकांला खोटं सांगितलाव, म्हनून मला तुमचं खरं कळलं न्हाई."

अण्णांनी मान वर केली नाही. मी मधे पडून काही बोलायला हवं होतं. त्यांनी कुणाकुणाला कसं सांभाळून नेलं, त्यात खोटं किती आणि माया किती, हे सांगायला हवं होतं. पण कमळाच्या केसांतलं तेल ओघळून कपाळावर आलं होतं, ते मी नुसतं पदरानं टिपलं. आणि ती चुकीचं तरी काय बोलत होती?

पुढं मी मुडबीत आणखी आठ वर्षं होते. अण्णा थकले, कमळाकडं मंठाळला राहायला गेले. लेकीनं त्यांना शेवटपर्यंत नीट सांभाळलं, असं ऐकून आहे. पण मला ते दिसतात ते त्या सोमवारच्या सकाळचे. शेवंताचा भाऊ बीदरच्या वाटेवरच्या एका गावात होता, माती द्यायच्या आधी त्याला कळवायला हवं होतं. वाड्यातल्या पोरांनी सायकल काढली होती. अण्णांनी त्यांना थांबवलं आणि स्वतः निघाले, मोकळ्या हातानं, काठीशिवाय.

मी दारात उभी होते. माझ्या पायरीसमोरून रस्ता सरळ जातो, त्यामुळं बराच लांबवर दिसायचं. पहिल्यांदा त्यांना दूध घेऊन जाणारा गवळी भेटला. अण्णा त्याच्यापुढं उभे राहिले आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "माझी शेवंता गेली. काल दिवस मावळताना गेली." गवळी घागर सावरत पुढं गेला. मग दोन बाया भेटल्या, त्यांनाही तेच सांगितलं. मग परगावचं एक कानडी कुटुंब गाडीतून येत होतं. ना ओळख, ना पाळख. अण्णांनी हात करून गाडी थांबवली आणि त्यांना कानडीत सांगितलं. गाडीवानानं डोक्याचा पटका काढला. तो काहीतरी बोलला, बहुतेक सांत्वनाचंच, पण अण्णांना ते नको होतं. ते त्याचं मनगट धरून पुन्हा पुन्हा सांगत होते, आता मराठीत, मोठ्यानं, मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं. "परवा मी लेकीला सांगितलं तवा ती जित्ती व्हती. खरंच जित्ती व्हती. त्या बाईंला इचारा, त्या बसल्याव्हत्या."

गाडीतल्या माणसांनी वळून माझ्याकडं पाहिलं. त्यांना मराठी किती कळत होतं, देव जाणे. मी पायरी उतरून रस्त्यावर आले आणि गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "व्हय. खरं हाय."